देवमनबाबांचे चोख रिपोर्ट

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या लॅबमध्ये दीपमाला वीस वर्षं लोकांचं रक्त काढतेय. रक्ताची तिला कधी किळस वाटली नाही, लघवीच्या बाटल्यांचीही नाही. किळस यायची ती लोकांच्या लबाडीची. शुगर तपासायची म्हटली की ही मंडळी आठ दिवस आधीपासून कारल्याचा रस ढोसणार, भात सोडणार, अन् रिपोर्ट नॉर्मल आला की लॅबमधून थेट जिलबीच्या दुकानात. जशी काही दहावीची परीक्षा! अरे, फसवता कोणाला? सुईला?

आपले वडील देवमन, निवृत्त तलाठी, त्यातले नाहीत, असं ती छातीठोकपणे सांगायची. दरवर्षी त्यांचं रक्त तीच काढायची. रिपोर्ट चोख. मग बाबा गल्लीत पेढे वाटायचे, पहिला स्वतःच्या तोंडात टाकून.

परवा त्यांनी मोजे काढले अन् घाण वास आला. डाव्या पायाची करंगळी काळी पडलेली, वर हळद थापलेली.

"दुखत नाई ना, म्हणून सांगतलं नाई," बाबा म्हणाले.

दुखत नाही हेच वाईट, शुगरनं पायाच्या नसा बधिर झाल्या की असं होतं, हे तिला ठाऊक होतं. या वेळी तिनं मागच्या तीन महिन्यांची शुगर सांगणारी तपासणी लावली. सहाच्या आत हवा तो आकडा साडेदहा निघाला.

"बाबा, मंग दरवर्षी नॉर्मल कशी येऊन राह्यली होती?"

"आठ दिवस आधी गोड बंद करत होतो," बाबा खाली बघत म्हणाले. "अन् शेजारच्या मोतीरामच्या शुगरच्या गोळ्या घेत होतो. लॅबवालीचा बाप नापास झाला तं तुयी काय इज्जत राह्यते, पोरी?"

तिला शिसारी आली. बाबांची आली, त्या उसन्या गोळ्यांची आली, अन् सगळ्यात जास्त स्वतःची. त्या प्रत्येक खोट्या कागदाखाली तिचीच सही होती.

डॉक्टरांनी करंगळी काढली. शुगर आवरली नाही तर पाऊलही जाईल, असं बजावलं. पट्टी बांधलेला पाय उशीवर ठेवून बाबांनी तिला जवळ बोलावलं.

"त्या तीन महिन्यावाल्या तपासणीसाठी," त्यांनी हळूच विचारलं, "गोड किती दिवस आधी सोडा लागते?"

"आजपासून," ती म्हणाली, अन् मोतीरामनं भेटीला आणलेला पेढ्यांचा पुडा तिनं उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला.