पत्रकांच्या पाठीवरचं इंग्रजी

आमच्या घरात वाणसामानाच्या यादीपासून माझ्या गणितापर्यंत सगळं पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं जायचं. वडील रत्नागिरीतल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. संपाची, सभांची, निषेधाची मराठी-इंग्रजी पत्रकं उरली की घरी यायची. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. आणीबाणी उठून सात-आठ वर्षं झाली होती, तरी आई तो गठ्ठा पिठाच्या डब्यामागेच ठेवायची.

त्याच गठ्ठ्यावर मी आपाला इंग्रजी शिकवलं.

आपा आमच्या दगडी गडग्यापलीकडे माहेरी राहायची. तिशीच्या आतली, एका खाजगी दवाखान्यात आया. दोन वर्षांपूर्वी खाडीकाठच्या सासरहून ती मोडलेला हात आणि कडेवर मुलगी घेऊन आली होती. तिचा भाऊ जहाजावर नोकरीला होता. तो सुट्टीवर येणार असल्याचं पत्र आलं आणि त्यात होतं, यंदा हिला सासरी पोचवूनच परत जाईन. आपाकडे एकच वाट होती. आखातातल्या इस्पितळासाठी आया निवडायला एक एजंट मंगळवारी स्टँडजवळच्या लॉजवर उतरणार होता. मुलाखत इंग्रजीत. आखातात निघालेल्या माणसाला आमच्याकडे कुणी अडवत नसे, भाऊसुद्धा अडवणार नव्हता.

"सहा दिवस आहेत, बाय," ती मला म्हणाली. "शिकवशील?"

मी एकोणीस वर्षांची, कॉलेजात, आणि जगातला प्रत्येक अन्याय आपल्याला ठाऊक आहे अशा समजुतीत. लगेच हो म्हटलं.

ती उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. व्याकरण माझ्यापेक्षा पक्कं. मी "टू गो, टू वॉश" लिहून अडखळत समजावू लागले तर म्हणाली, "अगो, हे आमच्या उर्दू व्याकरणातलं मसदर. जाना, धोना, लिखना. आम्हाला मौलवी छडी घेऊन पाठ करवायचे. आमचं 'ना' मागे लागतं, ह्यांचं 'टू' पुढे. एवढंच ना?"

एवढंच नव्हतं. "मैं काम करना चाहती हूँ" हे वाक्य तिच्या तोंडून इंग्रजीत नीट निघेना. ती "टू वर्क" म्हणायची, थांबायची, आणि मग हळूच "आय वॉन्ट".

"आधी आय वॉन्ट, आपा. मग टू वर्क."

"म्हणजे पहिल्या झटक्याला हवं म्हणून मोकळं व्हायचं? आमच्यात आधी काय ते सांगतात. हवं शेवटी."

"इथे पहिल्यांदा."

"बेशरम भाषा आहे गो तुझी," असं म्हणून ती हसली. पण पुढचे दोन दिवस ते "आय वॉन्ट" तिच्या घशातच अडकत राहिलं. दुसरीकडे "आय कॅन टू वॉश" मात्र ती ठणठणीत म्हणायची.

"कॅनला टू लावायचं नाही."

"का नाही?"

"नाही म्हणजे नाही."

"बघ. मौलवीही असंच सांगायचे. फक्त तुझ्याकडे छडी नाही."

उदाहरणांसाठी मी दुसरीकडे कशाला जाऊ? कागद उलटला की समोर वाक्यं तयार होती. वुई वॉन्ट टू लिव्ह. वुई रिफ्यूज टू बाव. वुई आस्क टू बी हर्ड. आपा ती घोकायची, तिची आई ओटीवर मासळी साफ करता करता ऐकायची आणि विचारायची, "दवाखान्यात हे बोलतात?"

चौथ्या दिवशी आपाने एजंटच्या माणसाने दिलेला टंकलिखित कागद आणला. मुलाखतीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं. मी वाचत गेले आणि कान तापत गेले. मी कितीही तास काम करायला तयार आहे. मी पासपोर्ट कचेरीत ठेवायला तयार आहे. मी तक्रार न करण्याचं वचन देते.

"हे मी शिकवणार नाही."

"अर्थ सांग, बस. पाठ मी करीन."

"अर्थ सांगणं म्हणजे शिकवणंच. आपा, हा गुलामीचा कागद आहे."

तिने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि सावकाश घडी घातली. "तुझी तत्त्वं तुझ्या बापाच्या घरात राहतात. मी भावाच्या घरात राहते. शुक्रवारी तो येईल तेव्हा तुझं पत्रक त्याला वाचून दाखवू?"

ती गेली आणि दोन दिवस आली नाही. गडग्यापलीकडून घोकण्याचा आवाज येत होता, एकसुरी, त्या कागदावरचाच. मी अभिमानाने बसून राहिले. आज मला त्या अभिमानाची लाज वाटते. तिचा जीव टांगणीला लागलेला, आणि मी माझे हात स्वच्छ ठेवत होते.

मंगळवारी मात्र तीच दारात आली. "चल. एकटीला नाही जमायचं."

लॉजच्या बोळात बाकावर आठ-दहा बायका होत्या. पडद्याआड सफारी घातलेला माणूस. आत गेलेल्या प्रत्येकीचं उत्तर बाहेर ऐकू येत होतं आणि सगळ्यांचं तेच होतं. बाकावरच्या बायका ओठ हलवत होत्या. आपाही हलवत होती.

तिची पाळी आली. नाव, वय, दवाखाना, सगळं ठीक झालं. मग त्याने हिंदीत विचारलं, "पासपोर्ट ऑफिस में जमा रहेगा. रेडी?"

मी बाहेर बाकाशी उभी. माझ्या हातात तिची पिशवी होती, तिचे बंद मी बोटाला गुंडाळत होते. हो म्हण, आपा. माझी सगळी पत्रकं बाजूला ठेवून मी मनात तेच म्हणत होते. हो म्हण.

"आय वॉन्ट टू कीप माय पासपोर्ट," ती म्हणाली. एका दमात.

"क्या?"

तिने पुन्हा तेच सांगितलं.

तो हसला. "इंग्लिश अच्छी है. नेक्स्ट."

रस्त्यावर आल्यावर मी तिचा हात धरला. "आपा, तू काय बोललीस ठाऊक आहे तुला?"

तिने हात सोडवला. "तुझ्यासाठी नाही बोलले, बाय. हो म्हणणार होते. तोंडावर आलेलं. मग वाटलं, इथे पोरीला ताप चढला, हातपाय मोडला, तर कागद त्याच्या कपाटात आणि मी वाळवंटात." थोडं चालून म्हणाली, "आता शुक्रवारचं बघायला हवं."

शुक्रवारी भाऊ आला. धिप्पाड, पण बोलायला मऊ. शनिवारी सकाळी ट्रंक ओटीवर आली, रिक्षा दारात उभी राहिली. मी गडग्याशी उभी होते.

भावाने ट्रंक उचलली. आपा उंबऱ्यातच थांबली. "मला नाही जायचं," ती म्हणाली.

"काय?"

"नाही जायचं. दवाखान्यात जाईन, तुझ्या घरात नको असेन तर खोली बघीन. तिकडे नाही."

तो ट्रंक धरून उभाच राहिला. तिची आई रडायला लागली. रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न वाजवला, मग इंजिन बंद केलं. बऱ्याच वेळाने भावाने ट्रंक खाली ठेवली आणि तिच्याकडे न बघता रिक्षात बसून एकटाच गेला. पुढे दोन वर्षं तो तिच्याशी बोलला नाही.

आपाने महिन्याभरात दवाखान्यामागे खोली घेतली. ट्रंक आम्ही दोघींनी कड्यांना धरून नेली. वाटेत ती दोनदा थांबली, हात पूर्वी मोडलेला होता म्हणून.