आधी पाय, मग चाक

फोन आला तवा मी कोपरगावकडं कारखान्याच्या लाइनीत ऊस घेऊन उभा हुतो. दगडूअण्णा गेले म्हने... मी ट्रॅक्टर बंद कराय गेलो, तर त्यो मगाशीच बंद केल्याला. अण्णांना जाऊन आता काही हप्ते झाले. मला लिवता येत न्हाई. मी बोलतोय, पोरगी लिवतीय.

ट्रॅक्टर अण्णांचा, मला शिकिवलाबी त्येंनीच. एक ट्रॉली लवकर दिली, दुसरी काय जोडू देईनात. दोन ट्रॉल्या पुढं झ्याक पळत्यात, पर मागं सरळ येतच न्हाईत. म्हनून त्येंचं एकच सांगनं, "आधी पाय घाल, मग चाक." नवी गल्ली आली की उतरायचं, शेवटपत्तोर चालून बघायचं, वळायला जागा असंल तरच शिरायचं. मला वाटायचं, म्हाताऱ्याला पाय मोकळे करायचे असत्यात.

शेवटी दुसरी मिळाली, आन् त्याच हप्त्यात पोरगी बघायचं ठरलं. जमीन आमाला न्हाई, रूप तुमी बघितलं न्हाई त्येच बरं. म्हनलं, दोन ट्रॉल्या तरी दिसू द्या. रिकाम्याच घेऊन, टेप लावून, थेट पोरीच्या गल्लीत शिरलो. गल्ली तिच्या बापाच्या गोठ्यात संपली. म्हशीनं माज्याकडं बघितलं, मी म्हशीकडं. मागं घ्याय गेलो तर ट्रॉल्या अडकित्त्यावानी दुमडल्या. नवरदेव बघाय जमल्यालं गाव ट्रॉल्याच बघत बसलं.

कुनीतरी फोन केला, अण्णा लुनावर आले. वाटलं, आता ट्रॅक्टरबी गेला आन् लगीनबी. त्येंनी आधी गल्ली चालून बघितली, मग मागल्या ट्रॉलीची खीळ काढली आन् पावन्यांनाच ढकलाय लावलं. पोरीच्या घामाघूम बापाला म्हनले, "पोरगं येडं हाय, पर ट्रॅक्टर टाकून पळालं न्हाई. पोरगी द्या." मग चावी माज्याच हातात ठिवली... "आता शिकलास. जोड दुसरी."

पोरगी दिली. ही लिवनारी तिचीच. लिवता लिवता हसतीय.

परवा खेप टाकून येताना अण्णांच्या घराकडं गेल्तो. माजं सगळं आयुष्य त्या गल्लीत गेलंय, तरी तोंडाशी ट्रॅक्टर थांबिवला, उतरलो, चालत निघालो. काकू दारातनं म्हनल्या, "आरं, आन की आत. वळायला जागा हाय."

"बघून येतो," म्हनलं.

काकू हसल्या. "ह्येबी असंच करायचे. सोताच्या घरी येताना, रोज."