हात दाबून पुढे

आमच्या शाळेत स्टाफचा दिवस वर्तुळाने सुरू होतो. मुलं नाश्त्याला बसली की सगळ्यांनी लायब्ररीत जमायचं, एकमेकांचे हात धरून उभं राहायचं आणि एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची. ज्याला बोलायचं नसेल त्याने शेजारच्याचा हात हलकेच दाबायचा, की पाळी पुढे गेली. का बोलला नाहीत, असं कोणी विचारत नाही. या शाळेतली मला सगळ्यात आवडलेली पद्धत हीच. पहिली दोन वर्षं मी रोज हात दाबला.

शाळा पुण्यात आहे, मिशनची आहे. शिक्षक बहुतेक परदेशातले. त्यांना शाळा पगार देत नाही; त्यांच्या त्यांच्या गावातली चर्चेस वर्गणी काढून पैसे पाठवतात आणि ते लोक इथे येऊन भूगोल शिकवतात. मुलं कोरियाची, जर्मनीची, नागालँड-मिझोरमची. थोडी खराडीत कंपन्यांमध्ये आलेल्या साहेबांची. मी मुलींच्या वसतिगृहात मदतनीस आहे. कागदावर माझं पद 'मिशनरी स्टाफ, स्थानिक' असं आहे. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग तुले गोरी केली का त्याइनं?"

माझं गाव यवतमाळकडे. तिथे पूर्वी मिशनचा दवाखाना होता, तो बंद पडला, त्याच्या आवारातली आम्ही ख्रिस्ती घरं तेवढी राहिली. आठवीपर्यंतची शाळा गावात होती. नववीला तालुक्याला जायचं, तर त्या साली आई अंथरुणाला खिळली. एक वर्ष थांबू म्हटलं आणि थांबलेच. पुढे आमच्या पाळकांनी ओळखीने मला इथे लावून दिलं. पुण्यात उतरले तेव्हा मला हाच परदेश वाटला. आमटीत गूळ घालतात हे कळायलाच आठवडा गेला. मला वाटलं, स्वयंपाकी चुकला, आणि सांगितलं तर त्याची नोकरी जाईल, म्हणून मी मुकाट्याने खात राहिले.

काम काही अवघड नाही. मुलींना उठवायचं. कोणाची कपड्यांची पिशवी लॉन्ड्रीतून आली नाही ते बघायचं. दातांच्या तारा निघालेल्या मुली दात सरकू नयेत म्हणून बसवलेला प्लॅस्टिकचा साचा जेवताना काढून ताटाशेजारी ठेवतात आणि तो उष्ट्याबरोबर बादलीत जातो, तो शोधायचा. संध्याकाळी सगळ्यांचे मोबाईल टोपलीत गोळा करायचे. नवीन आलेली मुलगी पहिले काही दिवस रडते, तिच्याजवळ बसायचं, भाषा येत नसली तरी. मुली मला दीदी म्हणतात आणि माझं इंग्रजी ऐकून हसतात, पण माझ्यादेखत. पाठीमागे नाही, म्हणून मला त्याचं वाईट वाटत नाही.

मला राहायला खोली आहे. तिला आतून कडी आहे आणि स्वतंत्र न्हाणीघर आहे. या दोन गोष्टींसाठी मी रोज आभार मानते, मनातल्या मनात. पण ऑफिसातून बोलावणं आलं की मी आधी खोली आवरते. कपड्यांच्या घड्या करून बॅगेशेजारी ठेवते, मग जाते. बहुतेक वेळा बोलावणं चादरींच्या हिशेबाचं असतं. परत येऊन कपडे पुन्हा कपाटात लावते.

वसतिगृह चालवायचे ते कॅनडाचे नवरा-बायको. दोघं साठीच्या पुढची. सगळे त्यांना अंकल-आंटी म्हणत. आंटी तरुणपणी इथे आल्या तेव्हा शिकवणी लावून मराठी शिकल्या होत्या, आणि त्या बातम्या दिल्यासारख्या बोलायच्या. "आपण भोजन केले का?" असं विचारायच्या. मी "हो, जेवली" म्हणायची आणि आमच्या दोघींत परदेशी कोण, असा प्रश्न मुलींना पडायचा.

दुपारी आम्ही दोघी धुतलेले कपडे मुलींच्या नावांप्रमाणे वेगळे करायचो. तेव्हा त्या मला गावच्या उपासनेबद्दल विचारायच्या. मी त्यांना सांगितलं होतं, आमच्याकडे प्रार्थना लांबते, कारण एक जण उभा राहिला की त्याने सगळ्यांसाठी मागायचं असतं. कोणाची म्हैस आटली असेल तर तीही घ्यावी लागते. राहून गेली तर ते घर बोलत नाही. आणि स्वतःसाठी मात्र कोणी मागत नाही. आपली अडचण शेजारच्याच्या कानात सांगायची, त्याने ती देवापुढे मांडायची. स्वतः मागणं म्हणजे पंगतीत बसून आपल्या हाताने आपल्याच पानात वाढून घेण्यासारखं.

"आणि शेजारी विसरला तर?" आंटींनी विचारलं.

"तर राहून जातं."

"पुन्हा आठवण करून देत नाहीत?"

"नाही जी. रुसतात."

हे त्यांना फार आवडलं. त्यांनी अंकलना ते इंग्रजीत सांगितलं, पण अंकल वर्तमानपत्र वाचत होते.

लायब्ररीच्या दाराशी ऑफिसच्या मॅडमचं टेबल आहे. त्या नारायण पेठेतून रोज स्कूटरवर येतात. त्या ख्रिस्ती नाहीत, पण सकाळी सर्व स्टाफने हजर राहावं असं प्रिन्सिपॉल सरांनी सांगितल्यामुळे त्या वर्तुळाबाहेर खुर्ची टाकून चहा पीत बसतात. एकदा एका नवीन शिक्षिकेने त्यांना आत बोलावलं. मॅडम म्हणाल्या, "मी उपस्थित आहे. देवाशी बोलणं घरून उरकून येते."

मला इथे दोन वर्षं झाली, त्या हिवाळ्यात त्यांनी मला बोलावलं. मी खोली आवरून गेले. शाळेच्या कमिटीने नियम केला होता की वसतिगृहात काम करणारी प्रत्येक व्यक्ती निदान दहावी पास हवी. जी नाही तिने शाळेचं वर्ष संपेपर्यंतच राहावं.

"नियम तुम्हाला काढण्यासाठी केलेला नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला लागू होतोय, एवढंच."

मी बरं म्हटलं. बाहेर आल्यावर पहिला विचार नोकरीचा नव्हता, कडीचा होता. गावात आमच्या घरात एकच खोली, आणि आई, भाऊ-भावजय तिथेच. ती मला हाकलणार नाहीत. सरकून जागा करून देतील, आणि ते सरकणं मला रोज दिसेल.

आईला सांगितलं नाही. आंटींनी मात्र दुपारी माझ्या हातातला टॉवेल काढून घेतला, कारण मी एकच टॉवेल पुन्हा पुन्हा घडी करत होते. मग सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, "मी सरांशी अवश्य बोलेन." मला धीर आला. पण बोलण्याआधीच त्यांचंच झालं.

दोघांच्या व्हिसाची मुदत वाढवून मिळाली नाही. सरांनी ते सकाळी वर्तुळातच सांगितलं. आठवड्याभरात निघावं लागणार होतं. इतकी वर्षं इथे काढलेली माणसं; त्यांच्या हाताखाली वाढलेल्या मुलींच्या मुली आता वसतिगृहात होत्या. सर म्हणाले, प्रार्थना करू या, आणि आंटींना विचारलं, तुम्ही सुरुवात करता का. आंटींनी नकारार्थी मान हलवली आणि उजवीकडे अंकलचा हात दाबला.

अंकलनी पुढचा हात दाबला. विज्ञानाच्या बाईंनी दाबला. सर रोज न चुकता बोलतात. त्यांनी घसा साफ केला आणि त्यांनीही दाबला. कोणाचा आवाज नाही, पण पाळी कुठपर्यंत आली ते कळत होतं. मी डोळे किलकिले करून बघत होते. ज्याने हात दाबला त्याचे खांदे खाली यायचे. मी नेहमी आंटींच्या डाव्या बाजूला उभी राहायची. म्हणजे त्या दिवशी सगळ्यात शेवटी मी. माझ्या पलीकडे स्वयंपाकी होता. त्याचे हात पिठाचे, कोरडे. त्याने माझा हात दाबला.

आता मी दाबला तर पाळी पुन्हा आंटींकडे. म्हणजे स्वतःच्या जाण्यासाठी त्यांनी स्वतःच मागायचं. ते काही बरं दिसलं नसतं. एवढाच विचार मी केला, जास्त नाही, आणि तोंड उघडलं.

प्रार्थना मराठीत केली. डोळे मिटले की मला इंग्रजी येत नाही. "हे दयाळू बापा," म्हटलं आणि मग गावच्यासारखं चालू झालं. अंकलची रक्तदाबाची गोळी. विमानात त्यांच्या पायांना येणारी सूज. तिकडची थंडी, त्यांचं बंद पडलेलं घर, त्याच्या नळांत गोठणारं पाणी. मग मुली, खोल्यांच्या ओळीने, कोणी राहू नये म्हणून. साचा हरवलेली, घरून फोन न येणारी, पहिल्यांदा पाळी आलेली. या शेवटच्या दोघींची नावं घेतली नाहीत, ते देवाला ठाऊक होतं. वॉचमनच्या बायकोचं बाळंतपण. पाण्याचा टँकर. खालच्या न्हाणीघरातला गिझर, जो झटका देतो. मला कळत होतं की लांबतंय. कोणीतरी पाय बदलला. पण मध्येच थांबले असते तर ज्याचं राहिलं त्याला काय वाटलं असतं?

सगळं झालं आणि माझं तेवढं उरलं. ते मी बोलले नाही. आमेन म्हणणार, तर आंटींनी माझा हात घट्ट धरला आणि त्या त्यांच्या बातम्यांच्या मराठीत बोलू लागल्या.

"आणि हे प्रभो, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या तुझ्या या सेविकेस दहावीच्या नियमामुळे आपली खोली सोडावी लागू नये. तिने ही विनंती केलेली नाही. ती करणारही नाही. म्हणून मी करीत आहे. आमेन."

सगळे आमेन म्हणाले. बहुतेकांना त्यातलं काही कळलं नव्हतं. दाराशी मॅडमचा कप बशीवर टेकल्याचा आवाज आला.

मी नाश्त्याची ताटं मोजायला निघाले, तर मॅडमनी हाक मारली. "अहो, इकडे या. आवरून वगैरे यायची गरज नाही, अशाच या."

त्यांना ते कसं माहीत होतं, मी कधी विचारलं नाही.

"गिझरचा उल्लेख ऐकला. इलेक्ट्रिशियनला बोलवायचं, की वरूनच होणार आहे?"

"बोलवा मॅडम."

"झटका बसतो हे मला आधी का सांगितलं नाहीत?"

"तुम्ही रागावाल म्हणून."

"मग देवाकडे तक्रार केलीत. बरं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "दुसरी विनंतीही ऐकू आली. तुमच्या बाईंनी अर्ज बरोबर टेबलासमोर केला. सतरा नंबरचा फॉर्म माहीत आहे? शाळा सुटलेल्यांनी बाहेरून दहावीला बसायचा?"

मी नाही म्हटलं.

"तो भरा. मी कमिटीला लिहिते की परीक्षेची तयारी चालू आहे. चालू नसेल तर दुपारपासून चालू करा. मला खोटं लिहायची सवय नाही."

कमिटीने मुदत दिली. आंटी आणि अंकल गेले त्या दिवशी मुली फाटकाशी रडत होत्या आणि मी त्यांच्या चपला गोळा करत होते, कारण तशाच अनवाणी धावत आल्या होत्या. आंटी गाडीत बसताना मला म्हणाल्या, "अभ्यास करावा." मी हो म्हटलं.

अभ्यास केला. दुपारी कपडे वेगळे करताना पुस्तक कपड्यांवर उघडं ठेवायचे. मराठी, इतिहास जमलं. इंग्रजी मुलींनी करून घेतलं; माझ्या वहीवर लाल शाईने शेरे मारायला त्यांना फार आवडायचं. आईला तोपर्यंत कळलं होतं. तिने स्वतः काही मागितलं नाही, शेजारणीला सांगितलं, आणि गावच्या उपासनेत दर रविवारी माझं नाव येऊ लागलं, विषयांसकट. बीजगणितासाठी सगळ्यांनी मागितलं. भूमिती मात्र शेजारीण विसरायची, आणि आई तिला आठवण करून देईना.

निकाल लागला. गणित राहिलं, बाकी सगळे विषय सुटले. मी खोली आवरून ऑफिसात गेले. मॅडमनी कागद नीट वाचला.

"एकच राहिला म्हणजे बाकीचे झाले," त्या म्हणाल्या. "जुलैत पुन्हा परीक्षा असते. कमिटीला तसं कळवते. कपडे कपाटात लावा."

जुलै अजून यायचा आहे. वसतिगृहात आता नवीन जोडपं आलंय, तरुण, मराठीचा गंध नाही. सकाळच्या वर्तुळात मी त्या नवीन आंटींच्या डावीकडे उभी राहते. बऱ्याचदा अजूनही हात दाबूनच पुढे पाठवते. पण कोणी वर्तुळाआधी येऊन कानात काही सांगितलं, तर बोलते. वॉचमन सांगतो, स्वयंपाकी सांगतो. गेल्या सोमवारी मी आत जात होते, तर मॅडमनी चहाचा कप तोंडाजवळच धरून, माझ्याकडे न बघता म्हटलं, "उजवा गुडघा. स्कूटरची किक मारताना दुखतो. मी काही स्वतः सांगणार नाही."

मी तो घेतला, टँकरच्या आधी.