मॅडमनी खोडलेलं वाक्य

प्रमिला मॅडम गेल्याचं कळलं तेव्हा मी बाभुळगावच्या बाजारात कॅन्सरच्या उपचारांबद्दलची पत्रकं वाटत होते. कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, ‘कर्करोगाशी झुंज अपयशी.’ डोकं फिरलं माझं. अपयश कसलं? आजार होता, औषध होतं, औषध काही काळ चाललं, मग चालेनासं झालं. एवढंच. महिना होऊन गेला तरी तो राग उतरला नाही, म्हणून लिहितेय.

दिग्रसच्या कॉलेजात त्या आम्हाला जीवशास्त्र शिकवायच्या. पोरं त्यांना तोंडावरच ‘सुतळी मॅडम’ म्हणायची. डीएनए शिकवायचा दिवस आला की पर्समधून दोन पदरी सुतळी निघायची. टोकं दोघांच्या हातात द्यायच्या, “घट्ट धरा रे, जेवले नाही काय?” मग मधोमध पेन्सिल घालून पदर वेगळे करत ती पुढं सरकवायच्या. पुढची सुतळी आवळत जायची, शेवटी गुंता. पेशीत जनुक वाचलं जातं तेव्हा असाच पीळ चढतो. मग एक एन्झाइम पदर कापतं, पीळ सोडवतं आणि पदर पुन्हा जोडून देतं. एवढ्या लांब धाग्यावर त्याला कसं कळतं कुठं जायचं, असं मी विचारलं होतं. “वाचणारं यंत्रच त्याले सोबत धरते. जिथं वाचन जोरात, तिथं हे हजर. बंद जनुकांकडं कायले जाईल ते?”

पुढं मॅडमना अंडाशयाचा कर्करोग झाला. यवतमाळच्या दवाखान्यात बाकावर बसून त्यांनी मला सांगितलं, अगदी वर्गात सांगावं तसं, “माझं औषध त्याच एन्झाइमले पकडते. कापू देते, जोडू देत नाही. मंग पेशी मरते.”

त्याच सुमारास कॅन्सरवर जडीबुटीच्या पुड्या विकणारा एक पुडीवाला गावोगाव सांगत फिरत होता की दवाखान्याचं औषध म्हणजे विष. बाया उपचार अर्धवट सोडत होत्या. मी तावातावानं पत्रक लिहिलं: ‘औषध फक्त कॅन्सरच्याच पेशी मारतं. घाबरू नका!’ मॅडमनी वाचलं आणि ते वाक्य आडवं खोडलं.

“हे काहून लिहिलं?”

“मॅडम, खरं लिहिलं तर बाया अजून पळतील.”

“आन् केस गळाले की? पुडीवालाच खरा होता म्हणतील.” त्यांनी टकलावरून हात फिरवला. “हे पाह्य. माझ्या डोक्यात होता काय कॅन्सर?”

हसावं की नाही, कळेना... त्या मात्र हसत होत्या. ते एन्झाइम काही कॅन्सरच्या मालकीचं नाही, म्हणाल्या, ते प्रत्येक पेशीत असतं. कॅन्सरच्या पेशी सारख्या वाचत, वाढत असतात, म्हणून मार त्यांना जास्त. पण केसांची मुळं, रक्त तयार करणाऱ्या पेशी, त्याही घाईतच असतात. “औषधाले माणूस ओळखू येत नाही गं, धावपळ ओळखू येते.”

एका पानात एवढं बसत नाही, मी भांडले. “मग तुह्या घोषणा खोड,” म्हणाल्या. घोषणा गेल्या. केस जातील, उलट्या होतील, ताप आला तर लगेच दवाखाना गाठा, असं छापलं. माझ्यासोबत पत्रकं वाटणारे म्हणाले, हे तर लोकांना घाबरवणारं पत्रक झालं. मलाही तसंच वाटत होतं.

गेल्या आठवड्यात मॅडमच्या घरी गेले होते. त्यांचे यजमान, आमचे काका, दुपारी दार उघडंच ठेवतात. मॅडमना उपचारांबद्दल विचारायला बाया यायच्या, ती सवय. राळेगावहून एक बाई आली, हातात आमचं पत्रक. मॅडम गेल्या हे तिला ठाऊक नव्हतं. काकांनी सांगितलं. ती खाली बसली...

“मले एवढंच इचारायचं होतं. केस खरंच जाते?”

मी धीर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात काका म्हणाले, “जातात.”

“वापस येते?”

“हिचे आले होते. मग आजार परत आला, औषध पुन्हा घेतलं. त्या खेपेला नाही चाललं. पण मधली वर्षं मिळाली. पोरीचं लग्न केलं तिनं त्यात.”

बाईनं पत्रकातल्या ‘केस जातील’वर बोट ठेवलं. “तो पुडीवाला तर म्हने, कायीच तरास नायी.”

“म्हणूनच हिनं त्रास आधीच छापायला लावला,” काका म्हणाले.

तिनं पत्रक घडी करून कमरेला खोचलं. “सोमवारी बलावलं हाय यवतमाळले. जातो मी.”

काका आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. मॅडमचे डोक्याला बांधायचे रुमाल घेऊन ते बाहेर आले आणि तिच्यासमोर पसरून बसले.

“सुती घ्या,” म्हणाले. “नायलॉनचा घसरतो.”