बोयाला लागलं होतं

आखाडा बाळापूरच्या स्टँडवर बा एस.टी.च्या खिडकीखाली उभा होता, आणि गाडी एकदाची सुटावी असं मला सारखं वाटत होतं. तो कंडक्टरला मोठ्या आवाजात सांगत होता, "लेकरू पहिल्यांदाच चाललंय, हिंगोलीला टेसनावर बराबर उतरून द्या." मी एकोणीस वर्षांचा होतो. शेजारच्या सीटवर कॉलेजच्या पोरी होत्या. मी मान खाली घालून पिशवीतल्या भाकरी चाचपत बसलो. शेवटी बा खिडकीची जाळी धरून म्हणाला, "पोहता येतं म्हून उगी शानपट्टी करू नको. ते समुद्राचं पाणी हाय, आपली हीर न्हाई." मी 'व्हय' म्हणालो, तेही हळूच. गाडी निघाली तेव्हा त्याने हात वर केला, मी केला नाही. आज बारा वर्षं झाली, तो हात तसाच वर दिसतो.

हे मी गावातल्या तुमच्यासाठी लिहून राहिलो, आणि माझ्यासारखे पिशवी घेऊन जे बाहेर पडले त्यांच्यासाठीही. माझा सत्कार तुम्ही पाहिलात. आता त्याच्या आधीचं आणि नंतरचं माझ्याच तोंडून ऐका.

मुंबईला मी बोटी रंगवायला गेलो होतो. शर्यतीच्या, शिडाच्या बोटी. पाण्याबाहेर काढायच्या, घासायच्या, तळाला रंग द्यायचा. कुठला विचारलं की मी 'नांदेडकडचा' म्हणायचो. हिंगोली म्हटलं की समोरच्याला चार गोष्टी समजावून सांगाव्या लागत, आणि हळदीचा वास मागे लागल्यासारखं वाटायचं. तीन वर्षं मी बोटींचे तळच पाहिले. मग एके रविवारी फ्रेनी मॅडमच्या बोटीवर एक माणूस कमी पडला. मॅडम म्हणजे पासष्टीच्या पारसी बाई, सुकाणू त्यांच्या हातात, आणि बोटीवरच्या सहा जणांचा जीव त्यांच्या एका भुवईवर. त्यांनी मला विचारलं, "स्विमिंग आता है? चल, बैठ."

त्या दिवशी मला पुढच्या शिडाची दोरी धरायला दिली. शिडाच्या दोन्ही अंगांना लोकरीचे छोटे धागे चिकटवलेले असतात. दोन्ही धागे सरळ मागे वाहत असतील तर शीड बरोबर. आतला धागा उडायला लागला तर दोरी ओढायची, बाहेरचा गळाला तर सोडायची. मॅडम सांगायच्या, आधी सोड, शीड फडफडेपर्यंत सोड, मग इंचभर ओढ. बाकीचे ओढून ओढून शीड आवळून टाकत आणि बोट गुदमरायची. मला सोडणं जमलं. खळ्यावर ज्वारी उफणताना बा सूप डोक्यावर धरून असाच थांबायचा. वारा आला की सोडायचं, पडला की हात आवरायचा, नाहीतर भूस आणि दाणे एकाच ढिगात. तो वारा मानेवर ओळखायचा. मलाही मानेवरच कळायचा. खळ्याचं मात्र मी मॅडमना कधी सांगितलं नाही. म्हणालो, मानेला कळतं, असंच.

चार-पाच वर्षांत मी त्या बोटीचा पक्का माणूस झालो. वारा कोणत्या बाजूला सरकून राहिला, कधी वळायचं, दुसऱ्याच्या शिडामागच्या मेल्या वाऱ्यातून कसं निसटायचं, हे मॅडम मला विचारायला लागल्या. वाऱ्याच्या तोंडावर बोट सरळ जात नाही, नागमोडी वळणं घेत चढावं लागतं. वर समुद्रात एक नारिंगी बोया, म्हणजे नांगरलेला तरंगता फुगा असतो, त्याला डाव्या हाताला ठेवून वळसा घालायचा. बोयाला बोट लागली तर तिनं तिथून बाजूला होऊन स्वतःच एक गोल चक्कर मारायची, अख्खी, स्वतःभोवती. तीच शिक्षा. आणि बहुतेक वेळा बघायला पंच नसतो.

हा नियम मी फोनवर बाला सांगितला तेव्हा तो खूश झाला. त्याला शीड कळलं नाही, वळणं कळली नाहीत, हे मात्र लगेच कळलं. कारण आमच्या आणि सखाराम काकाच्या शेताच्या मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बा नेमकं हेच करायचा. गावात दरसाली लोक वखराच्या एका फेरीनं शेजाऱ्याचा धुरा हळूच कोरतात, मग भांडणं, मग ठाणं. बाचा वखर चुकून धुऱ्याला घासला की तो बैल थांबवायचा, सखाराम काका असो नसो मोठ्यानं हाक द्यायचा, "लागला रे सखाराम," आणि पडलेली माती हातानं भरून, पायानं दाबून मगच औत वळवायचा. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. रिकाम्या रानाला हाका मारणारा बाप कोणाला आवडेल? आता ट्रॅक्टर आला तरी तो धुऱ्याच्या कडेनं ट्रॅक्टरबरोबर चालतो. फोनवर म्हणाला, "मंग तुमचा खेळ आपल्यावानीच हाय की."

गेल्या हिवाळ्यातली शर्यत. मोसमातली शेवटची आणि सगळ्यात मोठी, चषकाची. आम्ही पहिल्या नंबरवर होतो. वरच्या बोयाकडे जाताना मॅडमनी विचारलं, "बसेल का?" म्हणजे न वळता बोया डाव्या हाताला ठेवून निघता येईल का. वारा मानेवरून थोडा पुढं सरकला होता, मला ते कळलं होतं. अजून दोन वळणं घेतली असती तर बिनघोर निघालो असतो, पण त्यात मागची बोट अंगावर आली असती. मी म्हणालो, "बसेल." शानपट्टीच ती.

नाही बसलं. मी शिडाच्या दोरीजवळ, खालच्या अंगाला, पाण्याला टेकून बसलो होतो. मॅडम वरच्या अंगाला, मध्ये अख्खं शीड. बोया माझ्या गुडघ्याखालून बोटीच्या अंगाला घासत गेला. रबरी, ओला, कुरकुरल्यासारखा आवाज. मी हात लांब करून त्याला ढकललं सुद्धा. वरून मॅडमनी विचारलं, "क्लियर?"

मी म्हणालो, "क्लियर."

एवढाच शब्द. मराठीत म्हणालो असतो तर कदाचित जिभेवर अडकला असता. मागच्या बोटीला आमच्या शिडामुळं काही दिसलं नाही. चक्कर मारायला अर्धं मिनिट लागलं असतं. आम्ही त्याहून कमी अंतरानं जिंकलो. मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "इसकी गर्दन ने जिताया." मी हसलो. हसताना माझ्या हाताला बोयाचं शेवाळ लागलेलं होतं, ते मी पँटला पुसलं.

कोणी तरी फोटो पाठवला आणि गावात तो विहारासमोरच्या फ्लेक्सवर चढला. बानं फोन करून बोलावून घेतलं. शाल, पेढे, माइक. तुम्ही सगळे होतात. बाला बोलायला लावलं तेव्हा तो स्टेजवर काय म्हणाला ते तुम्हाला आठवत असेल. "ह्या खेळात पंच न्हाई. ज्याचं लागलं त्यानं आपलं आपुनच फिरायचं. असा खेळ माझं लेकरू जिकून आलं." तुम्ही टाळ्या वाजवल्या. मी शालीच्या आत घामानं भिजलो होतो. जमिनीनं गिळावं असं म्हणतात ना, त्या दिवशी गिळलं असतं तर मी तक्रार केली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाच्या मागं शेतात गेलो. हळद काढणीला आली होती, पाला वाळून पडला होता. धुऱ्यावर बसून मी त्याला सांगितलं. सगळं, 'क्लियर'सकट. तो हातातला पाला चुरत बसला. मला वाटलं शिवी देईल. मी शिवीसाठीच आलो होतो.

बा म्हणाला, "कुणी पाह्यलं?"

"न्हाई."

"मंग ऱ्हाऊ दे. झालं ते झालं. गावात आता समद्यायला माहीत झालंय." आणि त्यानं धुऱ्यापलीकडं, सखाराम काकाच्या रानाकडं पाहिलं, तिकडं कोणी आहे का म्हणून.

तेवढं पाहणं मला सहन झालं नाही. जन्मभर रिकाम्या रानाला हाक देणारा माणूस माझ्यासाठी इकडंतिकडं बघून आवाज खाली करत होता. चोरी मी केली होती आणि चोरासारखा तो बसला होता. एवढी लाज मला बोयाजवळही वाटली नव्हती.

हिंगोलीला गाडीची वाट बघताना स्टेशनातूनच मी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "क्लियर बोला था तू." मी म्हणालो, हो. त्यांनी त्याच दिवशी कमिटीला पत्र लिहून शर्यतीतून नाव मागं घेतलं, चषक परत केला. बाकीचे पाच जण माझ्याशी बोलले नाहीत, काहून बोलतील? मी पुन्हा बोटींचे तळ घासायला लागलो. बाला फोन करायची हिंमत झाली नाही. आईला सांगितलं, तू सांग त्याला.

आठवड्यानं आईचा फोन आला. म्हणाली, "तुह्या बापाला काय झालंय काय की. फ्लेक्स सोताच्या हातानं उतरवला. अन् जिथं जिथं पेढे वाटले व्हते, त्या घरोघरी जाऊन राहिला."

"काय म्हणून राहिला?"

"पहिले सखारामाच्या घरी गेला. म्हणे, पोराचं लागलं व्हतं. अन् म्या त्याला गप ऱ्हाय म्हणलं व्हतं, तेबी सांगतो. मंग दुसऱ्या घरी. गावाला पुरा फेरा मारला. दोन दिस लागले."

मी फोन ठेवला आणि बोटीच्या तळाखाली बसून रडलो. वर रंग वाळत होता.

त्यानंतर मी वर्षभर गावाकडं फिरकलो नाही. कामाची सबब सांगितली. खरं म्हणजे मला त्या सगळ्या दारांची भीती वाटत होती. इथं मुंबईत मी कोण, काय केलं, हे बोटीवरच्या सहा जणांपलीकडं कोणाला पडलेलं नाही. गावात शेंबडं पोरगंही सांगेल. बाहेर पडलेल्यांनो, आपण ज्याला घर म्हणतो ते मला आता एवढंच कळतं. जिथं आपलं लागलेलं सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी जायचंच आहे.

या हिवाळ्यात आईला येतो म्हणून कळवलं आणि गेलो. बाळापूरच्या स्टँडवर उतरलो तर समोरच सखाराम काका, हातात पिशवी. पळायला जागा नव्हती. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"लागलं व्हतं म्हणं?"

"व्हय काका. लागलं व्हतं."

"बरं," काका म्हणाले. "च्या घेतो का? तुहा बा तिकडं हाटेलात बसलाय. सकाळपासून एस.ट्या बघून राहिला."