अण्णांनी कापलेली मोटार

निघायच्या दिवशी माझे वडील, अण्णा, मला सोडायला फाट्यावर आले नाहीत. दिंद्रुडच्या बाजारात त्यांचं पाण्याच्या मोटारी भरायचं, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचं, दुकान होतं. एका शेतकऱ्याची जळालेली मोटार टेबलावर उघडी पडली होती आणि त्याचा गहू पाण्यावाचून वाळत होता. शेवटी मीच बॅग घेऊन दुकानात गेलो. ते तांब्याच्या तारेचे वेढे मोजत होते. मोजणी चुकू नये म्हणून कॉइल पुरी होईपर्यंत ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "जाय. पर उघडून बघितल्याबिगर कुठल्या मोटारीला चांगली म्हनू नको." पाया पडलो तेव्हा त्यांच्या पायांनाही वार्निशचा वास होता.

पुण्यातल्या एका आयातदारानं मला चीनला धाडलं. विहिरीवरच्या छोट्या मोटारी तिकडून यायच्या. कंटेनरमध्ये भरण्याआधी त्या तपासायच्या आणि कागदावर सही करायची, एवढंच माझं काम. सहा महिन्यांसाठी गेलो आणि चार वर्षं राहिलो.

ते काही मोठं शहर नव्हतं. आपल्या दिंद्रुडसारखंच बाजाराचं गाव, तिन्ही बाजूंनी डोंगर, भोवती वाड्यावस्त्या. मधून नदी, तीही बारमाही. पहिला आठवडा मी रोज पुलावर उभा राहून नुसतं पाणी बघायचो. उतारावर भाताची खाचरं, वर बांबूचं रान. पूर्वी त्या बांबूपासून कागद करायचे. मग शेती सगळ्यांची मिळून झाली, मग पुन्हा घराघरांत वाटली गेली, आणि पुढं कुणीतरी मोटारींचा कारखाना काढला. हे मला लिनबाईंनी सांगितलं. त्यांच्या घरी मी भाड्यानं राहायचो. त्या वयाच्या बाईला तिकडं 'आयी' म्हणतात, म्हणजे मावशी.

आयी त्याच कारखान्यात कॉइल भरायच्या. त्यांचा मुलगा नि सून समुद्राकाठच्या शहरात कामाला. नव्या वर्षाला चार दिवस यायची, की गेली. गावात उरली होती म्हातारी माणसं आणि नातवंडं. खाचरं पडीक पडत चालली होती. मला ते नवं नव्हतं. आपल्याकडंही दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघालेल्यांचे संसार ट्रॅक्टरवर चढतात आणि म्हातारी उंबऱ्यावर बसून राहतात. आपली माणसं पाणी नाही म्हणून जातात. तिथली पाणी असूनही गेली होती.

एकदा अण्णांना फोनवर आयींचे हात दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले. "लई सफाई हाय बाईच्या हाताला," म्हणाले.

तिसऱ्या वर्षी आयातदाराला मोटार आणखी स्वस्त हवी झाली. तांब्याच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची तार आली, आणि कॉइलवर राळ ओतून ती कायमची बंद करायची असं ठरलं. मागवलं होतं तसंच बनलं होतं, मापात बसत होतं. मी सही केली.

त्या दिवाळीला घरी आलो तर दुकानात भरायला आलेली एकही मोटार नव्हती. अण्णांनी एक नवी मोटार करवतीनं उभी कापून ठेवली होती, माजलगावच्या बाजारातून आलेली. खोक्यावरचा छाप मी दारातूनच ओळखला.

"बघ," ते म्हणाले, "भरायला जागाच ठिवली न्हाई. जळली की फेकायची, नवी आनायची. मग मानसं माझ्याकडं कशाला येतील?"

मी कापलेल्या कॉइलवरून बोट फिरवलं.

"ह्याच्यावर सही तुझीच हाय का?"

"हो."

त्यांनी कापलेला अर्धा भाग फडक्यानं पुसला. "मग चांगलीच आसंल," म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तो कधीतरी विसरलोही असतो.

दिवाळीच्या पाडव्यानंतर त्यांनी दुकान बंद केलं. पुढच्या उन्हाळ्यात छातीत कळ आली आणि गेले. मी तेव्हा कारखान्यात होतो. आयींनी माझी बॅग भरली, बसपर्यंत सोबत आल्या, उकडलेली अंडी हातात कोंबली. गावी पोचलो तर सावडणंसुद्धा उरकलं होतं. चुलते म्हणाले, "किती थांबावं बाबा, ऊन लई हाय." खरंच होतं.

मी ती नोकरी सोडली. आता पुण्यात असतो. तिकडचा कारखानाही दुसरीकडं हलला, आणि आयी मुलाकडं अठराव्या मजल्यावर राहायला गेल्या. अधूनमधून त्यांचा आवाज फोनवर येतो, "जेवलास का?" गावच्या घराला कुलूप लावलं, असं मात्र त्यांनी एकदाच सांगितलं.

गाव सोडून गेलेल्यांनो, तुमच्यातल्या बहुतेकांनी आईला चल म्हटलं असेल. राहिलेल्यांनो, तुम्ही नाही म्हटलं असेल. माझी आई दिंद्रुडला एकटी असते. परवा गावी गेलो तेव्हा मी पुन्हा म्हटलं, पुण्याला चल. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी तिकडं आले तर तू येशील कुठं?"

तिच्याशेजारी बसून मीही तांदूळ निवडू लागलो.