ठिपके मॅडमची संत्र्याची पेटी

ठिपके मॅडमना डागांचं भारी कौतुक. साडीवर प्रयोगशाळेतला रंग सांडला, तर पदर खोचून पुढे शिकवायच्या. सौंसरच्या आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या त्या एकट्याच. प्लेटमधल्या जीवाणूंच्या फिकट वसाहतीवर लाल ठिपका दिसला की भर वर्गात ओरडायच्या, "पाहा गं, मारली उडी!" 'ठिपके मॅडम' हे नाव आम्हीच ठेवलेलं, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

उडी मारायचे ते डीएनएचे भटके तुकडे. एका जागेवरून निघतात, दुसरीकडे जाऊन बसतात; आमच्या प्लेटांत अशी उडी लाल ठिपक्यातून दिसायची. भलत्या ठिकाणी बसले तर पेशीचं वाटोळं. पण मॅडम म्हणायच्या, "पेशी काही खुळी नाही. याले केव्हा सोडायचं, तिले बरोबर समजते." डीएनएवर पेशीची एक रासायनिक खूण असते, ती या तुकड्यांना जागेवर धरून ठेवते. डीएनएची नक्कल झाली की नव्या धाग्यावर ती खूण उमटायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात तुकडा निसटतो. हे सांगताना मॅडमचा चेहरा लग्नघरातल्या मावशीसारखा फुललेला असायचा.

मी मात्र तेव्हा रडवेली होते. नागपूरच्या एमएस्सीला बाबांनी साफ नकार दिला होता. आई गेल्यापासून घरात बाबा, ताई आणि मी. ताई सौंसरातच नोकरीला. "पोरगी दूर गेली का घर तुटते," एवढंच बाबा म्हणायचे आणि आमच्या संत्र्याच्या बगिच्यात निघून जायचे.

त्यातच कॉलेजचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि इन्क्युबेटर थंड पडला. मॅडमनी संत्र्याची लाकडी पेटी मागवली, भाताचं वाळलेलं तणस अंथरलं, मध्ये गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आणि त्यांच्याभोवती माझ्या प्लेटा लावल्या. जीवाणू निरुपद्रवी जातीचे. पाणी बदलायला सोयीचं म्हणून पेटी आमच्या घरी आली.

दुसऱ्या दिवशी मी आंघोळीला गेले आणि बाबांनी पेटी उघडली. संत्र्याची पेटी दिसली की त्यांचे हात आपोआप माल छाटायला लागतात. ठिपक्यांच्या प्लेटा त्यांनी वेचून काढल्या आणि अंगणात उन्हात टाकल्या, झाकणंही उघडी. स्वच्छ तेवढ्या नीट तणसात ठेवल्या.

मॅडम आल्या, तेव्हा मी ओसरीवर डोकं धरून बसले होते. बाबा अवघडून म्हणाले, "दागी माल मी बाजूले काढला, मॅडम. एक सडलं का पेटी जाते ना."

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. "दादा, तेच तर आमचं पीक होतं! काही नाही, पुन्हा लावू." मग तिथंच त्यांनी बाबांना सगळं समजावलं.

बाबांनी विचारलं, "पण तुकडा निघाला तं मागची दोरी तुटत असन ना?"

"तुटते. म्हणून तं नक्कल झाल्यावरच निघते तो. एक तुटली तरी दुसरी शाबूत राह्यते घरी."

बाबांनी ओट्यावर भाजी निवडणाऱ्या ताईकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाले, "नागपूरची पहिली बस केव्हा असते?"

मी निघाले त्या दिवशी बसस्टँडवर मॅडम आल्या होत्या. त्या रोज पांढुर्ण्याहून ये-जा करायच्या, अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी. मी विचारलं, "तुम्ही का नाही गेलात कधी बाहेर?"

"माह्या घरी दुसरी कोणी नव्हती ना बाप्पा," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मला काही हसता आलं नाही. सावनेरपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते.

आता मी नागपूरच्या प्रयोगशाळेत तेच ठिपके पाहते. मॅडम निवृत्त झाल्या आहेत. परवा त्यांचा फोन आला. त्यांची भाची त्यांच्या आईजवळ राहायला आली आहे, आणि आमच्या प्रयोगशाळेच्या सरांनी मॅडमना इथं महिनाभर काम करायला होकार दिला आहे.

"सोमवारच्या बसनं येऊन राहिली मी. तुह्या बाबानं संत्र्याची पेटी देली सोबत, दागी फळं मुद्दाम वर ठेवून." मग आवाज जरा हळू झाला. "आता घरी दुसरी आहे ना गं. आता मीबी मारते एक उडी."